हवा मानवली नाही

तीनशे सतरातला सात सुटला, पण एकाचा टाका काही केल्या सुटेना. कॉलरच्या आतल्या बाजूला, मानेला टोचेल अशा बेतानं, इस्पितळातल्या कुणीतरी जाड लाल दोऱ्यानं हा आकडा घातला होता, आणि घालणाऱ्याचा हात शर्ट शिवणाऱ्याचा नव्हे, पोती शिवणाऱ्याचा असावा — दिना सुईच्या टोकानं एकेक टाका उचलत होती, दातानं तोडत होती आणि दोऱ्याचे तुकडे ओच्यात जमवत होती. दोरा निघाला तरी भोकं राहतातच. धुतल्यावर बुजतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. शालोमचे असे अजून तीन शर्ट होते.

शालोम आत झोपला होता. रविवारचे नऊ वाजून गेले होते, ओट्यावर ऊन आलं होतं, आणि एके काळी पहाटे उठून विहिरीवर दाढी करायला बसणारा तिचा थोरला भाऊ भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. गोळ्यांनी झोप येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टर पुष्कळ काही म्हणाले होते… परवा, इस्पितळाच्या व्हरांड्यात, इंग्रजीतून. आई पदर सावरून बाकाच्या कडेला टेकलेली आणि दिना मध्ये उभी राहून मराठी करून सांगणारी. गोळ्या चुकवायच्या नाहीत. जागरण नको. एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी आणून दाखवायचं, आणि पहिली खेप ह्याच मंगळवारी. मग त्यांनी चष्मा काढला आणि हे काही चिठ्ठीवर लिहून देता येत नाही म्हणून तोंडी सांगतो अशा आवाजात म्हणाले, की ह्याला कुठं काही लपवावं लागू नये, निदान घरात तरी नको; लपवालपवी ह्याला झेपणार नाही, बरी झालेली माणसं पुष्कळदा त्यापायीच परत इथं येतात. "काय म्हणाले गं?" आईनं विचारलं. आणि दिना — मुंबईला मावशीकडे राहून मानसशास्त्र विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बसलेली दिना — म्हणाली, "खाण्यापिण्याकडे लक्ष द्या म्हणाले."

एवढं एकच वाक्य गाळलं. बाकी सगळं शब्दाला शब्द सांगितलं की! पण ते वाक्य आईला सांगायचं म्हणजे मग इस्रायलचं काय करायचं, हा प्रश्न होता.

इस्रायल हे दिनाचंच काम. दोन वर्षांपूर्वी शालोमची झोप उडाली. कचेरीतली माणसं टाइपरायटरवर आपल्याविरुद्ध काहीतरी लिहितात असं तो म्हणू लागला, आईच्या हातचा घास आधी मांजराला घालून बघू लागला, आणि एका सकाळी त्याला इस्पितळात न्यायला टॅक्सी दाराशी आली. टॅक्सीत ट्रंक चढवली. त्या वर्षी पनवेलच्या त्यांच्या आळीत टॅक्सी आणि ट्रंक एकत्र दिसली की तिचा अर्थ एकच होत असे — बेने इस्रायलांचं, म्हणजे इथल्या ज्यूंचं, आणखी एक घर इस्रायलला निघालं. घरामागून घर चाललं होतं. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना मारामार होऊ लागली होती. समोरच्या म्हातारीनं ओट्यावरून हाक घातली, "निघाला का गं शालोम? इस्रायलला?" आणि दारात उभ्या असलेल्या दिनाच्या तोंडून 'हो' निघून गेलं.

एवढंसं 'हो', पण मग ते निस्तरायला पत्रं लिहावी लागली. दर दोन महिन्यांनी एक, शालोमच्या वळणाचं अक्षर काढून, आणि बायका ओट्यावर तांदूळ निवडायला बसल्या की आई म्हणायची, "वाच गं, काय लिहितो तो." त्याला दिनानं मुद्दाम अगदी उत्तरेला, एका फळांच्या मळ्यावर पाठवला होता, कारण बेअरशेवा आणि लोद ह्या गावांत अर्धी आळी जाऊन बसली होती आणि तिथं तो कुणाच्या ना कुणाच्या मावशीच्या तावडीत सापडला असता. मृत समुद्रात माणूस बुडत नाही, हे तिनं भूगोलाच्या पुस्तकातून घातलं. संत्री मोसमाप्रमाणे पिकवली. एकदा त्याला सर्दी केली आणि पुढच्या पत्रात बरीही केली. आणि खरं सांगायचं तर… तिला ते आवडायला लागलं होतं. तिकडे उन्हात संत्री तोडणारा, हिब्रू शिकणारा, दंड भरलेला भाऊ — तो माझाच होता, मीच केलेला होता, आणि महिन्यातून एकदा आईबरोबर भेटायला गेल्यावर जो दिसायचा, डोकं भादरलेला, ओठांच्या कोपऱ्यांत पांढरं धरलेला, त्याच्याशी काय बोलावं हे मला कधी कळलंच नाही. बसमध्ये मी खिडकीतून बाहेर बघत यायची. आई रडायची, आणि मी पुढच्या पत्रातल्या ओळी जुळवायची.

आता तो परत आला होता, म्हणजे दोन्ही ठिकाणांहून एकदमच परत आला होता. का आला, ह्याचं उत्तर आईनं शोधलं — "हवा मानवली नाही." ते खोटंही नव्हतं. आईला खोटं बोलायचं असलं की ती असंच काहीतरी अर्धं खरं शोधून काढते. आज संध्याकाळी मलिदा होता. पोरगा सुखरूप घरी येऊ दे, मलिदा करीन, असा नवस आई प्रेषित एलियाहू हन्नाबीला बोलली होती, आणि आळीत आमंत्रण करतानाही तिनं तेच सांगितलं, "पोरगा सुखरूप आला म्हणून." सांगून आली तेव्हा तिचा चेहरा हलका होता. आत ती आता पोहे धुऊन निथळत होती, नारळ फोडल्याचा आवाज आला.

ओच्यातला दोरा दिनानं चिमटीत गोळा केला आणि मोरीत टाकायला उठली. वळकटीशेजारी तिची कापडी पिशवी होती आणि पिशवीत त्या प्रश्नावल्या होत्या. त्या तिनं मावशीकडेच ठेवायला हव्या होत्या.

'मानसिक रुग्णांविषयी विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन' — सायक्लोस्टाइलची शाई बोटांना लागणारे चार कागद, एकतीस विधानं, प्रत्येकापुढे 'सहमत', 'असहमत', आणि शेवटी एक प्रश्न. सरांनी वर्गात वाटायचं आणि गोळा करायचं काम दिनाकडे दिलं होतं, कारण ती व्यवस्थित मुलगी. इस्पितळातून बऱ्या होऊन आलेल्या माणसाला तुम्ही आपल्या घरात खोली भाड्यानं द्याल. भगवाननं 'सहमत'वर खूण केली आणि मागून ओरडला, "पण खोली गच्चीवरची नको हं सर!" सगळे हसले. मनाला त्रास झाल्यास तुम्ही मानसोपचारतज्ज्ञाकडे जाल. सहमत, सहमत, सहमत. "जाऊ की," महादेव म्हणाला, "मागच्या दारानं." तेव्हाही हसले. वाईट नव्हती हो मुलं. महादेव तर असा की वर्गात कुणाला ताप आला तर घरी वह्या नेऊन देणारा. आणि शेवटचा, बत्तिसावा प्रश्न — तुमच्या कुटुंबात कुणाला असा आजार झाला आहे काय? चाळीस प्रश्नावल्या. चाळीस 'नाही'. सरांनी तो तक्ता बघितला, भिवया वर केल्या आणि म्हणाले, "चाळीस घरांत एकही नाही? मग ही इस्पितळं सरकारनं कुणासाठी बांधली आहेत?" वर्ग पुन्हा हसला. दिनाही हसली. चाळिसातली एक तिची होती.

"मासळीऽऽ… सिप्पोराबाय, हायेस का घरात?"

हौसा. गव्हाणची, दर रविवारी टोपली घेऊन आळीत फिरायची, आणि ह्या घरांत बिनखवल्याचं चालत नाही, कोलंबी नाही, चिंबोरी नाही, हे तिला इतकं पाठ होतं की ओट्यावर टोपली टेकण्याआधीच ती म्हणायची, "खवल्याची आनलीय." आजही म्हणाली. बोय होती, ताजी, कल्ले लाल. आईचे हात ओले, म्हणून दिना पातेलं घेऊन बाहेर आली. हौसानं दोन मासे जास्तच टाकले.

"शालोमभाव आला नं? आयकला मी. बरा झाला?"

"हवा मानवली नाही त्याला तिकडची," दिना म्हणाली.

हौसा तिच्याकडे बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून, आवाज खाली आणून म्हणाली, "पोरी, मी दर म्हयन्याला जातं तितं. माजा पोर जगन हाय नं तितं, दोन वरसां झाली. शालोमभाव भाजीला पानी घालताना बगला मी. मला वलखला. माज्या हातची भाकरी खाल्लीन त्यानं."

दिनाच्या हातातलं पातेलं जड झालं. हिला माहीत होतं. संत्र्यांचं पत्र वाचलं त्या दिवशी ही इथंच, ह्याच पायरीवर, बोय साफ करत बसली होती आणि म्हणाली होती, 'बरां हाय, पोर खुशीत हाय.'

"कुणाला बोललीस?" दिनानं विचारलं.

"कोनाला कशाला बोलू? तुमचा घर, तुमची गोष्ट." हौसानं टोपली झाकली, पण उठली नाही. "तू ह्येच शिकतेस नं म्हमयला? डोक्याचा? मंग सांग नं मला. भगत झाला, कोंबरा झाला, मिठागरावरचा भूत लागलाय बोलले, त्याचा पन केला. आता डाक्तर सुई देतान. माजा जगन बरा व्हईल का?"

दोन वर्षांत हा प्रश्न दिनाला कुणी विचारला नव्हता. पाठ्यपुस्तकात त्यावर एक अख्खं प्रकरण होतं. तिला पान आठवलं, परिच्छेद आठवला, उजव्या कोपऱ्यातली आकृतीसुद्धा आठवली. "तसं… नक्की काही सांगता येत नाही," ती म्हणाली.

"मंग शिकतेस काय?" हौसानं विचारलं. टोमणा नव्हता त्यात, खरोखरच विचारत होती. मग ती टोपली डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरली.

शालोम उठला तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. तो हळू जेवला, आईनं वाढलेलं सगळं जेवला, मांजराकडे बघितलंही नाही, आणि आईनं ते बघितलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे हलवत बसली. मग तो ओट्यावर दिनाशेजारी येऊन बसला. त्याचे हात मांडीवर होते, तळवे वर. तळव्यांना घट्टे पडले होते. संध्याकाळी माणसं येणार हे त्याला माहीत होतं. इस्रायलचंही माहीत होतं, एका भेटीत आईनंच चाचरत सांगितलं होतं, तेव्हा तो नुसता "बरं" म्हणाला होता.

"दिना," तो म्हणाला, "तिथं मी काय काम करत होतो?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"संत्र्यांच्या मळ्यात, दादा."

"किती माणसं होतो?"

"…साठेक."

"झोपायला?"

"बरॅक. लाकडी."

तो मान हलवत होता, परीक्षेच्या आदल्या दिवशी धडा ऐकणाऱ्या मुलासारखा. गावाचं नाव काय, जहाजानं गेलो की विमानानं, हिब्रूत पाण्याला काय म्हणतात. एकदा सांगितलेलं तो ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून बघत होता. मध्येच चुकला — विमान म्हणाला आणि मग म्हणाला, "नाही, नाही, जहाज. थांब हं, मी नीट सांगेन." कपाळावर घाम आला होता. दिनाला तो दिसत होता, थेंब थेंब. थांबव हे, ती स्वतःला म्हणाली, आत्ता थांबव… आणि तिचंच तोंड सांगत होतं, "मुंबईच्या धक्क्यावरून निघालास. सकाळी."

"आणि मंगळवारी मी कुठं जातो म्हणून सांगायचं?"

हे तिनं ठरवलं नव्हतं. दोन वर्षांचा संसार उभा केला, संत्री पिकवली, सर्दी बरी केली, आणि मंगळवार राहिला.

"बघू," ती म्हणाली.

"बघू," तोही म्हणाला, आणि तळवे उलटे केले.

उन्हं कलल्यावर माणसं आली. सतरंजीवर पुरुष, डोक्याला टोप्या. बायका स्वयंपाकघराच्या दाराशी. दहा जमले, शालोम धरून. मधल्या ताटात मलिदा — पोहे, खोबरं, साखर, वेलची — आणि भोवती फळं, सब्जाच्या काड्या. एलिएझरमामानं प्रार्थना म्हटली. आईचा लांबचा भाऊ हा. त्याची भाताची गिरणी होती, आवाज गिरणीवर बोलून बोलून मोठा झालेला, पण प्रार्थनेत तो मऊ व्हायचा. एलियाहू हन्नाबीचं गाणं झालं. आईचे डोळे मिटलेले होते. मग फळं वाटली, मलिदा वाटला, आणि माणसं खायला लागली.

"सांग की रे तिकडचं काही," कुणीतरी म्हणालं.

दिनाच्या बोटांत खजूर तसाच राहिला. शालोमनं घसा साफ केला. त्यानं दिनाकडे बघितलं नाही.

"सकाळी घंटा व्हायची," तो म्हणाला. "मग सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, अंघोळीला. थंडीत फार गार लागायचं पाणी. मग भाजीचा मळा. मी मुळ्याच्या वाफ्यांवर होतो. मुळा चांगला यायचा." तो थांबला. संत्र्यांचा विसर पडला हे त्याला आठवलं असावं, कपाळ पुन्हा ओलं झालं. पण मग तो त्या वाटेला गेलाच नाही. "माझ्या शेजारच्या खाटेवर एक मास्तर होता. रोज उठल्याबरोबर तो आम्हां सगळ्यांची हजेरी घ्यायचा. नावं त्याची त्यानं ठेवलेली. मी काशीराम होतो. 'काशीराम!' म्हणाला की मी 'हजर' म्हणायचो. नाही म्हटलं तर रडायचा तो."

इस्रायलात काशीराम. आता कुणीतरी विचारणार, कुणीतरी हसणार, आता… दिनानं मान खाली घातली. कुणी विचारलं नाही.

"म्हणावंच लागणार," एलिएझरमामा म्हणाला. "मास्तर तो."

समोरची म्हातारी मलिद्याचा घास हातात धरून नुसती बसली होती. कुणी विचारलं नाही, मळा कुठल्या गावाला होता. कुणी विचारलं नाही, जहाजानं आलास की विमानानं. बेअरशेव्याच्या मावश्यांचं नाव निघालं नाही — आणि ही तीच माणसं, जी तिकडून कुणी आठ दिवसांसाठी आलं तरी साबणाची किंमतसुद्धा विचारून घेतात. दिनाच्या कानांमागे गरम झालं. ह्यांना माहीत होतं. केव्हापासून? ओट्यावर बसून संत्री ऐकणाऱ्या ह्या बायका… 'वाच गं, पुढं वाच' म्हणणाऱ्या… कुणासाठी ऐकत होत्या? आईसाठी? की माझ्यासाठी — मला वाचायला आवडतं म्हणून? तिला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली काहीतरी सैलही झालं. रडू येईल अशी तिला भीती वाटली.

"असं कर," एलिएझरमामा हात पुसत म्हणाला, "घरात बसून राहू नकोस. मंगळवारपासून गिरणीत ये. मला माणूस हवाच आहे."

शालोमचा चेहरा उजळला, आणि लगेच गोंधळला. तो दिनाकडे वळला. धडा न आलेल्या मुलासारखा.

"मंगळवारी नाही जमायचं त्याला," दिना म्हणाली.

"का गं?"

वाक्य तयार होतं. ते तिच्या जिभेवर होतं, पुरं, खणखणीत, त्यात इस्पितळ हा शब्द होता आणि तारीख होती, आणि ते आता ह्या दहा पुरुषांसमोर, बायकांसमोर ती म्हणून टाकणार होती. छाती धडधडत होती आणि एका बाजूनं तिला स्वतःचा अभिमानही वाटत होता… तो अभिमानच तिला अडवून गेला. त्या सकाळी दारात जे 'हो' निघून गेलं होतं, तेही असंच निघालं होतं, आतून, धडधडत, शालोमबद्दल — आणि तो टॅक्सीत बसलेला होता, चार हातांवर, त्याला कुणी विचारलं नव्हतं. खोटं मी सांगितलं. आता खरंही मीच सांगणार.

तिनं तोंड मिटलं. खजूर ताटात ठेवला, आणि सगळ्यांच्या देखत ती भावाकडे वळून बसली.

"दादा," ती म्हणाली, "सांगू?"

शालोमनं वर बघितलं. तो विचार करत होता. विचार करताना त्याचा खालचा ओठ पुढे यायचा, लहानपणी गणित घालताना यायचा, आणि इस्पितळात दोन वर्षं तिनं तो बघितला नव्हता, किंवा बघितला असेल आणि खिडकीबाहेर बघत राहिली असेल. एलिएझरमामा थांबला होता. आई दारात थांबली होती. दिनाला एरवी असली शांतता सोसत नसे, ती काहीतरी बोलून भरून काढायची. आता तिला काही सुचवावंसं वाटेना. तो हो म्हणेल की नाही म्हणेल, की स्वतःच सांगायला लागेल, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली.